रेग्युलर व्हर्ब आणि बारा काळांचा तक्ता – मुलीला कसं समजावून सांगू?

नीराकाठ:
नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, मराठी माध्यम, गणित विज्ञान सेमी. इंग्रजीसाठी एका क्लासला घातलंय. तिथं बारा काळांचा मोठा तक्ता दिलाय, आडवे बारा रकाने आणि उभ्या ओळीत आय, वी, यू, ही, शी, इट, दे, आणि प्रत्येक क्रियापदाचा असा पूर्ण तक्ता वहीत लिहून आणायचा. वॉक झालं, प्ले झालं, क्लीन झालं, आता ओपन चाललंय. पोरगी मेहनती आहे, तक्ता घडाघडा म्हणून दाखवते. पण तक्त्याच्या बाहेरचं एक वाक्य विचारलं की गाडी अडते. ‘मी काल दुकान उघडलं नाही’ याला म्हणाली ‘आय डिडन्ट ओपन्ड द शॉप’, ‘आई रोज खिडकी उघडते’ याला ‘मदर ओपन द विंडो’, आणि ‘ती दार उघडत होती’ याला ‘शी वॉज ओपन द डोअर’. म्हणजे रूपं सगळी माहितीयत पण कुठलं कुठं लावायचं ते नाही.

माझं स्वतःचं इंग्रजी कामापुरतं आहे, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, कॅटलॉग वाचता येतात पण व्याकरण शिकवायची वेळ आली की अडतं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, २००० साली पहिलीपासून सुरू झालं, त्यामुळे हिला माझ्यापेक्षा जास्त यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तर विचारायचं असं की एक, हा तक्ता पाठ करण्याला दुसरा काही मार्ग आहे का. दोन, ईडी लावलं की उच्चार काय करायचा, ती ‘वॉकेड’, ‘वॉशेड’ म्हणते, यूट्यूबवर ऐकलं तर ‘वॉक्ट’ ऐकू येतं, आणि ‘वॉन्टेड’ला मात्र खरंच ‘इड’ ऐकू येतं, हे काय गौडबंगाल आहे. तीन, स्टॉपला दोन पी होतात मग हेल्पला का नाही. आणि तिनंच मला विचारलेला प्रश्न म्हणजे दार उघडलं, खिडकी उघडली, डबे उघडले, या सगळ्याला इंग्रजीत एकच ‘ओपन्ड’ कसं चालतं? मला सांगता आलं नाही.

खडूफळा:
दादा, तुमच्या मुलीचा शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, तिथूनच सुरू करा, तक्ता थोडे दिवस बाजूला ठेवा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते, आणि मुलांचं जिथं अडतं ते बहुतेक वेळा इथंच.

इंग्रजीतल्या रेग्युलर क्रियापदाला (म्हणजे ज्याचा भूतकाळ नुसतं ईडी लावून होतो त्याला) फक्त चार रूपं असतात. ओपन, ओपन्स, ओपनिंग, ओपन्ड. झालं. बारा काळ, सगळे कर्ते, नकार, प्रश्न, पॅसिव्ह व्हॉइस, सगळं या चारांतच बसतं. पाचवं रूप नाहीच. आता मराठीतलं उघडणे घ्या आणि मुलीलाच म्हणा मोज: उघडतो, उघडते, उघडतोस, उघडतेस, उघडता, उघडतात, उघडला, उघडली, उघडलं, उघडले, उघडल्या, उघडीन, उघडशील, उघडेल, उघडू, उघडाल, उघडतील, उघडायचो, उघडावं, उघडत, उघडून... ही यादी अजून वाढेल. एवढं सगळं ती शाळेत जायच्या आधीपासून न चुकता बोलते. मराठीत भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे लिंग वचन बदलतं, म्हणून दार उघडलं पण खिडकी उघडली. इंग्रजीत भूतकाळाचं रेग्युलर क्रियापद ना कर्त्याकडे बघत ना कर्माकडे. कोणीही, काहीही, कितीही उघडो, ओपन्ड. हे ऐकल्यावर माझ्या वर्गातल्या मुलांच्या चेहऱ्यावरचं दडपणच उतरतं, कारण तोपर्यंत त्यांना वाटत असतं की इंग्रजीत शेकडो रूपं पाठ करायचीयत.

मग बारा काळ येतात कुठून, तर सहाय्यक क्रियापदांतून. आणि तिथं नियम मोजकेच आहेत. डू, डझ, डिड, विल, कॅन, शुड यांच्यानंतर मूळ रूप येतं. हॅव, हॅज, हॅड यांच्यानंतर ईडीवालं रूप येतं. ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बी, बीन यांच्यानंतर आयएनजी येतं (पॅसिव्ह असेल तर ईडी, पण ते नंतर शिकवा). आणि सगळ्यात महत्त्वाचं, काळ आणि कर्ता यांची खूण वाक्यात एकदाच येते, क्रियापदांच्या साखळीतल्या पहिल्याच क्रियापदावर. त्याच्या मागून येणाऱ्यांना काळाशी देणंघेणं नाही, त्यांचं रूप त्यांच्या आधीचं क्रियापद ठरवतं.

आता तुमच्या मुलीची तिन्ही वाक्यं यावर तपासा. ‘आय डिडन्ट ओपन्ड’, इथं भूतकाळ डिडनं आधीच घेतलाय, त्याच्यानंतर मूळ रूप, म्हणून ओपन. ‘मदर ओपन’, इथं साखळीत एकच क्रियापद आहे, म्हणजे पहिलंही तेच, कर्त्याची खूण त्यालाच घ्यावी लागणार, म्हणून ओपन्स. ‘शी वॉज ओपन’, इथं वॉज म्हणजे बीच्या घरातलं, त्याच्यानंतर आयएनजी, म्हणून ओपनिंग. तक्ता न बघता तिन्ही सुटली. सगळ्यात भीतीदायक दिसणारं ‘विल हॅव बीन ओपनिंग’ सुद्धा असंच उलगडतं, विल आहे म्हणून हॅव मूळ रूपात (म्हणून ही आणि शीला सुद्धा तिथं हॅज होत नाही), हॅव आहे म्हणून बीन, बीन आहे म्हणून ओपनिंग.

मराठीतही हे अगदीच परकं नाही बरं का. उघडत आहे, उघडत होतो, उघडत असेन, यात ‘उघडत’ हललं का? नाही. बदललं ते फक्त मागचं. इज ओपनिंग, वॉज ओपनिंग, विल बी ओपनिंग, तेच. दार उघडलं आहे, उघडलं होतं, उघडलं असेल, म्हणजे हॅव ओपन्ड, हॅड ओपन्ड, विल हॅव ओपन्ड. आपल्याकडे मदतनीस शेवटी येतो, त्यांच्याकडे आधी, हाच मोठा फरक.

वर्गात मी पुठ्ठ्याच्या पट्ट्या करते. एका रंगाच्या पट्ट्यांवर मदतनीस, दुसऱ्या रंगाच्या चार पट्ट्यांवर चार रूपं. मी मराठीत वाक्य म्हणते, मुलं पट्ट्या उचलून शेजारी शेजारी धरतात. आधी फक्त डू डझ डिड, मग काही दिवसांनी बी, मग हॅव. तिन्ही एकदम काढल्या की गोंधळ होतो. आणि हो, एसबद्दल एक गोष्ट नक्की सांगा, मुलांना वाटतं एस म्हणजे अनेकवचन, म्हणून ती ‘दे वॉक्स’ म्हणतात. नामाला एस लागला की अनेकवचन, क्रियापदाला लागला की एकवचन, म्हणून बहुतेक वेळा जोडीत एस एकालाच मिळतो: द बॉय वॉक्स, द बॉइज वॉक.

नीराकाठ:
बाई, खूप खूप आभार. ‘काळाची खूण एकदाच’ हे तिला आत्ताच सांगितलं, लगेच म्हणाली मग ‘डझ शी ओपन्स’ पण चूक ना, डझमध्येच एस आहे की. बरोबर ना?

खडूफळा:
शंभर टक्के बरोबर. डूला एस लागून डझ झालं, तो एस आता ओपनला परत मिळत नाही. पोरीला शाबासकी द्या माझ्याकडून.

यॉर्कशरकर:
उच्चाराबद्दल मी सांगतो, मी मूळचा सोलापूरचा, बरीच वर्षं लीड्समध्ये आहे. इथं आल्यावर कानाला पहिल्यांदा जे जाणवलं ते हेच, की कोणीच ‘वॉकेड’ म्हणत नाही. ईडीमधला ‘ई’ बहुतेक शब्दांत उच्चारतच नाहीत, तो फक्त स्पेलिंगमध्ये आहे.

नियम तीन ओळींचा आहे आणि आपल्या मुलांना तो इतर कुणापेक्षा सोपा जायला हवा, कारण त्यासाठी जे लागतं ते मराठी व्याकरणात आधीच शिकवलेलं असतं, कठोर आणि मृदू व्यंजनं. क ख, च छ, ट ठ, त थ, प फ आणि श ष स ही कठोर. ग घ, ज झ, ड ढ, द ध, ब भ, शिवाय म न य र ल व वगैरे मृदू. क्रियापदाचा शेवटचा उच्चार (स्पेलिंग नव्हे, उच्चार) कठोर असेल तर ईडीचा उच्चार कठोर ‘ट’ होतो: वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट, वॉच्ट, मिस्ट, लाफ्ट. शेवटचा उच्चार मृदू किंवा स्वर असेल तर मृदू ‘ड’: ओपन्ड, क्लीन्ड, कॉल्ड, लिव्ड, प्लेड. आणि मुळातच शेवटी ट किंवा ड असेल तर ट ला ट आणि ड ला ड चिकटवून म्हणता येत नाही, म्हणून मध्ये एक स्वर घालावा लागतो: वॉन्टिड, स्टार्टिड, नीडिड, ॲडिड. एवढ्या एकाच गटात ‘इड’ ऐकू येतं. लाफचं स्पेलिंग जीएचनं संपतं पण कानाला फ येतो, म्हणून लाफ्ट, हे मुलीला मुद्दाम दाखवा म्हणजे स्पेलिंगकडे नाही तर आवाजाकडे बघायची सवय लागेल.

हे संधीसारखंच आहे. जगत् आणि ईश मिळून जगदीश होतं, कठोर त मृदू होतो कारण पुढे स्वर आला. विपद् आणि काल मिळून विपत्काल, मृदू द कठोर होतो कारण पुढे क आला. आपल्या संधीत पुढच्या आवाजामुळे मागचा बदलतो, इंग्रजीच्या ईडीत मागच्या आवाजामुळे पुढचा बदलतो, दिशा उलटी पण गोष्ट तीच, शेजारी शेजारी आलेले आवाज एकमेकांशी जुळवून घेतात. हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, कारण शाळेत संधी मार्कांसाठी पाठ केलेली आणि इथं ती रोज कानावर पडत होती.

एसचंही तसंच. कठोरानंतर स: कुक्स, हेल्प्स. मृदू किंवा स्वरानंतर ‘माझा’मधल्या झ सारखा आवाज: प्लेझ, ओपन्झ, कॉल्झ. आणि स, श, च, ज अशा सळसळत्या आवाजानंतर स्वर घालून ‘इझ’: वॉशिझ, वॉचिझ, मिसिझ. स्पेलिंगमध्ये ईएस कुठं लावायचा ते या शेवटच्या गटावरून बरंचसं आपोआप कळतं.

अजून एक, पुढचा शब्द टनं सुरू होत असेल तर तो ट वेगळा ऐकू येतच नाही. ‘आय वॉक्ट टू द स्टेशन’ आणि ‘आय वॉक टू द स्टेशन’ भराभर बोलताना जवळपास सारखं ऐकू येतं, इथली माणसं येस्टरडे वगैरे शब्दावरून समजून घेतात. त्यामुळे ऐकताना ईडी निसटला तर तिनं खट्टू होऊ नये. पण लिहिताना मात्र लावायचाच.

आणि मी राहतो त्या भागाचा अभिमान म्हणून सांगतो, ही शी इटला लागणारा हा एस उत्तर इंग्लंडच्या बोलीतूनच सगळीकडे पसरलाय. दक्षिणेत आधी ‘ही वॉकेथ’ असं रूप होतं, १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये अजून तेच सापडतं.

अभ्यासिका_पुणे:
सगळ्यांचं छान आहे पण तक्त्याला एवढं बाजूला टाकू नका असं मला वाटतं. मी सरळसेवेच्या परीक्षांची तयारी करतो, तिथं इंग्रजीच्या प्रश्नांमध्ये सरळ विचारतात अधोरेखित क्रियापदाचा काळ ओळखा, किंवा वाक्य पास्ट परफेक्टमध्ये बदला. तिथं नावं आणि साचे तोंडपाठ असले की वेळ वाचतो. आठवीतल्या मुलीला पुढं हे लागणारच आहे. माझं म्हणणं, तक्ता ठेवा पण एकाच क्रियापदाचा ठेवा, प्रत्येक क्रियापदाचा लिहायला लावणं म्हणजे वह्या भरणं, कारण रेग्युलर क्रियापद एक आलं की सगळी आली.

आणि ज्यावर आमचे सगळे मार्क जातात ते रूप नाहीच, तर कुठं कुठला काळ वापरायचा ते. ‘मी २०१९ पासून पुण्यात राहतोय’ याला मराठीवरून आपण ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स २०१९’ म्हणतो, मराठीत राहतोय हे वर्तमानच आहे ना. इंग्रजीत तिथं ‘आय हॅव लिव्ड’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’. पासून आलं आणि गोष्ट अजून चालू आहे म्हटलं की हॅव आठवायचं. नेमक्या क्षणापासून मोजलं तर सिन्स, किती काळ ते सांगितलं तर फॉर. दुसरं म्हणजे ‘आय हॅव कम्प्लिटेड इट येस्टरडे’. आपल्याला ‘मी काल पूर्ण केलंय की’ असं म्हणायची सवय, त्यामुळे कानाला खटकत नाही, पण पेपरात चूक. येस्टरडे, लास्ट वीक, इन २०२० असा संपलेला काळ सांगितला की साधा भूतकाळ, कम्प्लिटेड.

खडूफळा:
अभ्यासिका, एका क्रियापदाच्या तक्त्याला माझाही विरोध नाही, पट्ट्या नीट जमल्यावर तिनं स्वतः तो भरावा, कोरा तक्ता द्यावा आणि चार रूपं मदतनिसांबरोबर बसवत तिनं पूर्ण करावा. पाठ करून म्हणणं आणि स्वतः बांधणं यात मला फार फरक दिसतो. बारा काळ ही नावं शाळेच्या सोयीची आहेत, नीट पाहिलं तर रेग्युलर क्रियापद स्वतःच्या अंगावर दोनच काळ दाखवतं, ओपन किंवा ओपन्स एक आणि ओपन्ड दुसरा. भविष्यकाळाचा तर प्रत्ययच नाही, आपल्या ‘ईन, शील, एल’सारखं काही त्यांच्याकडे नाही, विल उभं करून भागवतात.

आणि तुम्ही काल आणि हॅवचं सांगितलंत त्यात एवढंच घालते की हॅव ओपन्डमध्ये लक्ष आत्तावर असतं. ‘आय हॅव ओपन्ड द विंडो’ म्हणजे बघ, खिडकी आत्ता उघडी आहे. ‘आय ओपन्ड द विंडो ॲट सिक्स’ म्हणजे सहा वाजता उघडली, आता उघडी आहे का बंद ते यात नाही. मुलांना मी खरंच खिडकी उघडून दाखवते.

एक गोष्ट राहिली. वॉन्ट, नीड, लाइक, बिलाँग अशी मनाच्या किंवा स्थितीच्या अर्थाची क्रियापदं सहसा आयएनजी घेत नाहीत. रूप तयार होतं, पण ‘आय ॲम वॉन्टिंग अ पेन’ असं म्हणत नाहीत, ‘आय वॉन्ट अ पेन’.

तांबडी_पेन्सिल:
स्पेलिंगचा प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून मी लिहिते. माझं कामच प्रूफं तपासायचं आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आणि ईडी, आयएनजी लावतानाच्या चुका मला रोज दिसतात, चांगल्या शिकलेल्यांच्या मजकुरातसुद्धा.

स्टॉपला दोन पी का, तर स्वराचा उच्चार वाचवण्यासाठी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये स्वर, मग एकच व्यंजन, मग ई किंवा आय आलं की वाचणारा पहिला स्वर लांब वाचतो. होप म्हणजे आशा करणे, त्याचं ईडी लावून होप्ट, एकच पी. हॉप म्हणजे उड्या मारणे, तिथं ऑ आखूड ठेवायचाय म्हणून पी दोनदा, हॉप्ट. स्टेअर म्हणजे टक लावून बघणे, त्यात एक आर, आणि सिनेमात प्रमुख भूमिका करणे या अर्थाचं स्टार, त्यात दोन आर. म्हणजे डबल अक्षर हे आधीच्या स्वराला आखूड किंवा मूळ होता तसा ठेवायला आलेलं आहे. हेल्पमध्ये स्वरानंतर आधीच दोन व्यंजनं आहेत, एल आणि पी, स्वर सुरक्षित आहे, म्हणून गरज नाही. कुकमध्ये स्वराचीच दोन अक्षरं आहेत, तिथंही गरज नाही. शेवटी डब्ल्यू, एक्स, वाय असेल तर ती कधीच डबल होत नाहीत, फिक्स, प्ले, स्नो बघा.

लांब शब्दात खरी गंमत आहे. तिथं जोर कुठल्या भागावर पडतो ते बघायचं. प्रिफर, ॲडमिट, परमिट, रिग्रेट, ऑकर यात जोर शेवटच्या भागावर, म्हणून शेवटचं अक्षर डबल. ओपन, व्हिजिट, ऑफर, लिसन, एंटर यात जोर पहिल्या भागावर, म्हणून सिंगल. ऑकरला ईडी लावताना दोन सी आणि दोन आर, हे मी आजवर जितक्या वेळा दुरुस्त केलंय तितकं क्वचितच दुसरं काही केलं असेल. मराठी बोलताना आपण जोर बऱ्यापैकी सारखा देतो त्यामुळे हा नियम कानाने लगेच उमगत नाही, शब्द मोठ्याने म्हणून, टेबलावर बोट आपटत शिकवा, प्रि-फर, ओ-पन, मग पटकन कळतं.

वायचं तुलनेनं सोपं. वायच्या आधी व्यंजन असेल तर वाय जाऊन आय येतो: स्टडी, ट्राय, कॅरी. आधी स्वर असेल तर वाय तसाच: प्ले, एन्जॉय, स्टे. पण आयएनजी लावताना वाय कधीच जात नाही, कारण दोन आय शेजारी आले असते, म्हणून स्टडीइंगमध्ये वाय आणि आय दोन्ही लिहायचे, आणि त्यातला वाय खाल्लेला मला कायम दिसतो. उलट डाय, लाय, टाय यांचा आयई जाऊन वाय येतो. शेवटी ई असेल तर ईडीसाठी फक्त डी, आणि आयएनजीला ई गायब: लिव्ह, क्लोज. पण अग्रीसारख्या दोन ईंना हात लावायचा नाही. शेवटी सी असेल तर मध्ये के येतो, पॅनिक्ड, पिकनिकिंग. पेला ईडी न लावता आयडी लागतो, उच्चार अगदी नियमाप्रमाणे पेड, फक्त स्पेलिंग वेगळं. सेचं मात्र उच्चारही फिरतो, सेड आणि सेझ, म्हणून त्याला रेग्युलरमध्ये धरू नका.

जुनी_पानं:
मला भाषांच्या इतिहासाचं वेड आहे, म्हणून या धाग्यात थोडी भर. मुलीला सांगा की ईडीवाला गट हा इंग्रजीतला जिंकत आलेला गट आहे. जुन्या इंग्रजीत हेल्पसुद्धा अनियमित होतं, आतला स्वर बदलून भूतकाळ व्हायचा, आणि ‘होल्पन’ हे त्याचं रूप वर उल्लेख आलेल्या १६११ च्या बायबलमध्ये अजून आहे. पुढे ते हेल्प्ट झालं. २००७ साली नेचर या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, त्यांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली, त्यातली आज ९८ च अनियमित उरलीयत, बाकीची ईडीच्या गटात आली. जी क्रियापदं रोजच्या तोंडात होती ती टिकली, जी कमी वापरली गेली ती नियमित झाली. म्हणूनच गो, कम, टेक, सी, गिव्ह ही पाठच करावी लागतात.

आणि नवीन क्रियापद आलं की ते सहसा थेट ईडीच घेतं. गूगल हे क्रियापद म्हणून मोठ्या इंग्रजी शब्दकोशांत २००६ साली गेलं, त्याचं गूगल्ड, गूगलिंग, गूगल्स कुणी ठरवायला बसलं नव्हतं. टेक्स्टचं टेक्स्टिड, ईमेलचं ईमेल्ड, तसंच.

१९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधक बाईंनी चार ते सात वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी अस्तित्वातच नसलेली क्रियापदं बनवली, चित्र दाखवायचं, हा माणूस ‘रिक’ करतोय, कालही त्यानं हेच केलं, काल त्यानं काय केलं? बहुतेक मुलं ‘रिक्ट’ म्हणाली. जो शब्द कधी कानावरच पडला नव्हता त्याला त्यांनी बरोबर ट लावला. पण टनं संपणाऱ्या ‘मॉट’सारख्या बनावट शब्दाला बऱ्याच मुलांनी इड लावलाच नाही, तसाच ठेवला, म्हणजे तो तिसरा गट इंग्रजी घरातल्या मुलांनाही उशिराच जमतो.

ईडीमधला ई कधीकाळी खरंच उच्चारला जायचा, ‘वॉकेड’ असंच काहीसं. पुढे तो गळाला, पण काही विशेषणांत राहिलाय, नेकेड, विकेड, क्रुकेड यात अजून तो स्वर ऐकू येतो, आणि विद्वान या अर्थाने लर्निड. शिकला या अर्थाच्या क्रियापदाचा मात्र लर्न्ड, किंवा ब्रिटिश पद्धतीने लर्न्ट. तेव्हा मुलगी वॉकेड म्हणते ते रूप कधीकाळी इंग्रजीत होतं, फक्त आज चालत नाही.

यॉर्कशरकर:
बर्को बाईंच्या प्रयोगाचा घरी वापर करता येईल की. नीराकाठ, मुलीला खोटी क्रियापदं द्या, झुप, ब्लग, स्नॅट अशी काहीही, आणि तिला ट, ड, इड मोठ्याने म्हणायला लावा. अर्थ माहीत नसल्यामुळे ती पाठांतराकडे वळूच शकत नाही, फक्त शेवटचा आवाज ऐकावा लागतो.

नीराकाठ:
सगळ्यांना हात जोडून धन्यवाद. कन्येनं लगेच खेळायला घेतलं, ब्लगला ब्लग्ड म्हणाली, स्नॅटला थोडं थांबली मग स्नॅटिड. कठोर-मृदूची यादी तिला येतच होती, इंग्रजीशी तिचा संबंध आहे हे नवीन. पट्ट्या करायला कार्डशीट आणलंय. क्लासच्या वहीसाठी एकच शेवटचं विचारतो, ट्रॅव्हलला ईडी लावताना एक एल का दोन? ताईंच्या नियमाप्रमाणे जोर पहिल्या भागावर, म्हणजे एक यायला हवा, पण पुस्तकात दोन दिसतात.

तांबडी_पेन्सिल:
नियम तुम्ही बरोबर लावलाय, आणि अमेरिकेत त्याप्रमाणे एकच एल लिहितात. ब्रिटिश पद्धतीत एलनं संपणाऱ्या शब्दांना हा जोराचा नियम लावत नाहीत, ट्रॅव्हल, कॅन्सल, लेबल, सिग्नल या सगळ्यांना दोन एल. आपल्याकडे शाळेत ब्रिटिश स्पेलिंग चालतं, तेव्हा वहीत दोन लिहू द्या.